सरदारभाईचा तोल

माझा भाऊ सरदार पांढरकवड्यात कमान-पाट्याचा मिस्त्री होता. ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत असते, सगळा माल तिच्यावर बसतो. रस्त्यात खड्डा लागून एखादी पट्टी तुटली की ट्रक एका अंगाला झुकतो आणि ड्रायव्हर जेमतेम आमच्या गावापर्यंत पोचतो. भाईजान ती पट्टी भट्टीत तापवायचा आणि घणाने ठोकून तिला पुन्हा बाक द्यायचा. समोरचा माणूस चिमट्यात पट्टी धरून उभा असायचा. घण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडायचा. वीस-बावीस वर्षं असंच चाललं आणि एकदाही ठोका चुकला नाही.

आमचे अब्बा जिनिंगमध्ये होते. मी नऊ वर्षांची असताना रुईच्या गंजीला आग लागली, त्यात ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती त्यांनी. भाईजान तेव्हा चौदाचा होता. त्याने सातवीनंतर शाळा सोडली, आणि मला मात्र सोडू दिली नाही. मी यवतमाळला राहून बी.ए. केलं ते त्याच्यामुळे. सोमवारी पहाटे तो मला एस.टी.त बसवून द्यायचा. हात काळे, पण सदरा धुतलेला. गाडी निघताना खिडकीशी येऊन दरवेळी एकच सांगायचा, "पास झाली तं चिठ्ठी टाक. नापास झाली तं टाकू नको, चिठ्ठी नाही आली की मले समजते."

मी शाळेत मास्तरीण झाले. अफरोजशी माझं लग्न त्यानेच जुळवलं. अफरोजचं टायरचं दुकान हायवेवरच, भाईजानच्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पुढे जे झालं ते मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही.

तो अडतीस-एकोणचाळीसचा असेल तेव्हा सुरुवात झाली. चहाचा कप उचलला की बशीत निम्मा सांडायचा. वळताना खांद्याने दार लागायचं. बोलताना जीभ जड झाल्यासारखी वाटायची. ड्रायव्हर लोक हसायचे, "मिस्त्री, आज सकाळीच बसला का?" तोही हसायचा. मशिदीत रांगेत उभा राहिला की शेजारच्याला धक्का लागायचा. हळूहळू त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सुटायला लागली. शगुफ्ताभाभी त्याचे सदरे हुंगायची, पेट्या उचकायची. तिला कधी काही सापडलं नाही. "इतकं लपवता येते त्याले," ती मला म्हणाली होती, आणि मला ते पटलं होतं.

मग हरिसिंगची बोटं गेली. हरिसिंग तांड्यावरचा, भाईजानच्याच हाताखाली शिकलेला. त्या दिवशी पट्टी त्याने धरली होती. घण पट्टीवर पडलाच नाही, त्याच्या दोन बोटांवर पडला.

चार दिवसांनी, भट्टी ज्याच्या गॅरेजात होती त्या मालकाच्या अंगणात बैठक झाली. आमच्यातले पाच-सहा मोठे होते, तांड्यावरून हरिसिंगचा बाप आला होता. मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. मालकाने विचारलं, "सरदार, घेतली होती का?"

"नाही."

"मग ठोका कसा चुकला?"

"मले नाही माहीत."

कुणीतरी म्हणालं, कसम खा. भाईजानने वुजू केलं, म्हणजे हातपाय-तोंड धुतलं, कुराणावर हात ठेवला आणि म्हणाला, "आजवर एक थेंब माह्या नरड्याखाली गेला नाही." हरिसिंगचा बापही म्हणाला, "आता काय बोलाचं, एवढं बोल्ला तं." सगळं तिथेच मिटलं असतं. भाईजान उठला. उठून वळला आणि दोन पावलांत आडवातिडवा होऊन पाण्याच्या ड्रमवर आदळला. ड्रम कलंडला, पाणी सगळ्यांच्या चपलांपर्यंत गेलं. कुणी त्याला उचललं नाही. सगळे खाली बघत होते.

दारू पिणारे आमच्या नात्यात आधीही होते. त्यांना शिव्या घालतात, दोन दिवस बोलत नाहीत, मग पुन्हा पान वाढतात. पण पाक किताबावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो माझा भाऊ होता. भाभी तिच्या माहेरी निघून गेली. भट्टी दुसऱ्याच्या हातात गेली. गाव सोडण्याआधी भाईजान आमच्या दारात आला होता. मी आतूनच माझ्या लेकीला, निलोफरला सांगितलं, मामूला सांग, अम्मी घरी नाही. निलोफर आठ वर्षांची होती. तिने जाऊन सांगितलं, "अम्मी म्हणते, अम्मी घरी नाही."

तो मारेगावला गेला, एवढं कळलं. त्याला तेरा वर्षं झाली.

गेल्या वर्षी निलोफर कॉलेजच्या जिन्यावरून पडली. मग पुन्हा पडली. मैत्रिणी म्हणाल्या, मोबाइल बघत चालते. मी म्हणाले, जेवत नाही नीट. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. तिच्या वहीतली अक्षरं ओळ सोडायला लागली. डाव्या हाताने मनगट दाबून धरून ती लिहायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, कमजोरी आहे. एकवीस वर्षांची मुलगी अडखळत चालली, तर तिच्या तोंडाचा वास घ्यावा असं कुणाच्या मनात येत नाही. तिला लोक दवाखान्यात न्यायला सांगतात.

यवतमाळला महिन्यातून दोनदा मेंदूच्या डॉक्टरीणबाई येतात, डॉ. पद्मजा. त्यांनी निलोफरला त्यांच्या बोटाला हात लावायला सांगितलं, मग स्वतःच्या नाकाला. तिचा हात मांडीवर स्थिर होता. बोटाच्या जवळ जाता जाता तो थरथरायला लागला, आणि जितका जवळ गेला तितका जास्त. मग त्यांनी एमआरआय काढायला लावला. मी जन्मात पहिल्यांदा माझ्या लेकीच्या डोक्याच्या आतलं पाहिलं. डॉक्टरांनी कवटीच्या मागच्या, खालच्या भागावर पेन ठेवला.

"हा लहान मेंदू. ताकद हातापायात असते, पण किती लावायची, कुठे थांबायचं, हे इथून ठरतं. तो फुलकोबीसारखा गच्च असायला हवा. हिच्या घड्यांमधे फटी पडल्यात, बघा. झिजतोय तो."

"कशाने?"

"बरीच कारणं असतात. काही जीवनसत्त्वाची, थायरॉइडची. ती औषधांनी सुधारतात. काही घराण्यातून येतात, त्यांना औषध नाही." त्यांनी कागद पुढे ओढला. "घरात कुणाला असं होतं का? चालताना झोक जाणं, हात थरथरणं?"

"नाही," मी म्हणाले.

मी खोटं बोलले असं त्या क्षणी मला वाटलं नाही. आमच्या घरात एक दारुडा होता, आजारी कुणी नव्हतं. ते लक्षात आलं परत येताना, एस.टी.त, जोडमोहाच्या आसपास. निलोफर पाण्याची बाटली तोंडाला लावत होती आणि बाटलीचं तोंड तिच्या हनुवटीला, गालाला लागत होतं. असं पाणी पिताना मी आधी कुणाला तरी पाहिलं होतं.

तरी मी गप्प राहिले. दोन महिने. तिला जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू होती, थायरॉइड तपासलं होतं, आणखी काय काय तपासायचं होतं. घरात कुणी नाही म्हटलं की ही सगळी दारं उघडी राहत होती. भाईजानचं नाव घेतलं की ती बंद होणार होती. माझ्या लेकीला बरं होता यावं म्हणून भावाने दारुडाच राहावं, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. हे मी अजून अफरोजलाही बोललेले नाही. घरातले झोपल्यावर इथे कागदावर लिहिते आहे, तेवढंच.

निलोफरनेच एक दिवस जेवताना विचारलं, "अम्मी, सरदारमामू असेच चालायचे ना?"

अफरोजचा घास हातातच राहिला.

"तुला काय आठवतंय?" मी म्हणाले.

"मला खांद्यावर घेतलं की मला बोटीत बसल्यासारखं वाटायचं. मी हसायची." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू डॉक्टरांना नाही म्हणालीस."

दुसऱ्या दिवशी मी फोन करून डॉक्टरांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना आणा. त्यांचाही फोटो काढू. दोघांची झीज एकाच जागी, एकाच तऱ्हेची निघाली तर कुठली रक्ततपासणी करायची हे ठरवता येईल. आणि नको ती औषधं मुलीला देणं थांबवता येईल."

मी एकटीच मारेगावला गेले. बसस्टँडजवळ विचारलं तर एका पोराने हात केला, "सायकलवाले चाचा? थे का." टिनाचं छोटं दुकान, पंक्चर आणि सायकलदुरुस्तीचं. बाजूला उकंडा नावाच्या माणसाची पानाची टपरी. टपरीवाल्याने मला निरखून पाहिलं.

"कोण पाह्यजे?"

"सरदारभाई. मी बहीण त्यांची."

तो आत वळून ओरडला, "ओ सरदारमिया, बहीण आली म्हन्ते. तुले बहीण हाये हे तं कधी बोल्ला नाही राज्या."

आतून आवाज आला, तसाच जड, "होती, उकंडा."

तो चाकाशी बसला होता. दाढी पांढरी झाली होती. मी सलाम केला. त्याने केला नाही, पण स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत आले होते, तोंडून भलतंच निघालं. "भाईजान, निलोफर पडते."

त्याचा हात थांबला.

"जिना चढताना की उतरताना?"

"उतरताना."

"अंधारात जास्त?"

"हो."

"भरला पेला उचलत नाही अन् अर्धा उचलते?"

मी मान हलवली.

"काय म्हन्ते डाक्टर?"

मी सांगितलं. लहान मेंदू, फटी, फोटो. मग मी म्हणाले, "मला माफ कर."

"थांब. एका टायमाले एक." त्याने फडक्याने बोटं पुसली. "मले वाटे कोणं करणी केली माह्यावर. वर्षभर पाणी पढून प्यालो. मंग वाटाले लागलं, हे सारे लोक खोटे कसे अस्तीन? मीच पीत असन, अन् मलेच आठवत नसन. रात्री दाराले आतून कुलूप लावून किल्ली खिडकीतून उकंडाजवळ देत जाओ. सकाळी उठून पाहो, तं तसाच झोक जाये."

उकंडा टपरीतून म्हणाला, "हाओ बाई. तीन वर्सं किल्ली होती माह्याजवळ. मी म्हणो, मिया, आग लागली तं?"

"डॉक्टरकडे नाही गेलास?"

"गेलतो एकाकडे. त्यानं नाक पुढं केलं, नाडी मांगून पाह्यली. म्हणे, सोडून दे. मी म्हटलं, काय सोडू ते तं सांग."

तो उठला. दुकानाला टेकवलेली एक सायकल त्याने हातात घेतली. तिच्यावर तो बसत नाही, नुसती ढकलत चालतो. लोक हसतात म्हणे, सायकलवाला असून पायी चालतो. सायकल धरून तो सरळ चालला, अगदी सरळ, टपरीपर्यंत आणि परत.

"कधी याचं?" त्याने विचारलं.

"मंगळवारी."

"येतो. पोरीसाठी येतो, हमीदा. तुह्यासाठी नाही. हे समजून घे."

मंगळवारी यवतमाळला तो आमच्या आधीच पोचला होता. निलोफर त्याच्याजवळ गेली आणि दोघं एकाच वेळी एकमेकांचा हात धरायला गेले, तर दोघांचेही हात चुकले. निलोफर हसली. मग तोही. मी आणि अफरोज बाजूला उभे होतो.

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी तिथला माणूस कागद भरत होता. अंगात कुठे लोखंड आहे का, सळई, छरा, डोळ्यात कधी कण गेला होता का?

"अर्धं ग्यारेज गेलं असन डोळ्यात," भाईजान म्हणाला.

म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे झाला. आत चुंबक असतं, डोळ्यात राहिलेला लोखंडाचा कण त्याने हलू शकतो, असं त्या माणसाने समजावलं. एक्स-रे साफ निघाला. मग अर्धा-पाऊण तास तो आत होता. मी बाहेर बाकावर बसून होते. बंद दारातून ठकठक ऐकू येत होती. तेवढ्या वेळात माझ्या मनात दोन दुवा आल्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध होत्या. फोटोत काही निघू नये, म्हणजे निलोफरसाठी काहीतरी औषध उरेल. फोटोत निघावं, म्हणजे भाईजान खरा ठरेल. कुठली मागावी ते मला कळलं नाही. एकही मागितली नाही मी.

बाहेर आल्यावर तो माणूस म्हणाला, "काका जरासुद्धा हलले नाहीत. तरणी माणसंही एवढी शांत पडत नाहीत."

"पडल्यावर मले काहीच होत नाही," भाईजान म्हणाला. "उभं राह्यलं की लोकाइले दिसते." मग निलोफरकडे वळून म्हणाला, "आत कोणी घण मारून राह्यलं होतं. पण हात बसला नव्हता त्याचा. मध्येच थांबे, मंग दणादण मारे. पहिल्याच दिवशी काढून टाकला असता मी."

डॉक्टरांनी दोघांचे फोटो पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. वयात तेहतीस वर्षांचं अंतर. भाईजानच्या फटी जास्त रुंद होत्या, निलोफरच्या कमी. पण होत्या त्याच जागी. खालचा मेंदूचा देठही दोघांचा बारीक झाला होता. मला काही शिकवावं लागलं नाही. मामा-भाची एकसारखी दिसतात असं लोक म्हणतात, तशी ती दिसत होती.

"बाई," भाईजानने विचारलं, "याच्यात दारू दिसते का?"

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. "दारूनेही लहान मेंदू झिजतो. नुसत्या फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण तुमची भाची तर पीत नाही ना? आणि तिचंही असंच आहे. रक्त पाठवू, मग नक्की बोलू."

तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोघांच्या रक्तात एकच दोष. नाव इंग्रजीत होतं, पुढे एक आकडा. डॉक्टरांनी मराठीत सांगितलं: घराण्यातून आलेला आजार, हळूहळू वाढणारा, दारूशी संबंध नाही. भाईजान म्हणाला, "पुन्हा एकदा वाचा." त्यांनी वाचलं. त्याने ऐकलं, आणि मग विचारलं की पाणी कुठे मिळेल. आणायला मी उठले तर म्हणाला, "तू बस." स्वतःच गेला, भिंतीला हात लावत. बऱ्याच वेळाने परत आला.

परत येताना मी म्हटलं, "गावात सांगू आपण. सगळ्यांना सांगू. तो कागद दाखवू."

"कोणाले? मालक गेला. हरिसिंगचा बाप गेला. शगुफ्ताचं दुसरं घर झालं, त्या घरची पोरं मोठी झाली. आता तिले काय सांगू, मी पीत नव्हतो म्हणून?" खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे जात होती. "तुले समजलं ना. बस झालं." हे तो चांगल्या अर्थाने म्हणाला की वाईट, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आमच्याकडे राहा म्हटलं, तर आठ दिवस राहिला. त्या आठ दिवसांत त्याने निलोफरला जे शिकवलं ते कुठल्या फोटोत नव्हतं. कप उचलायचा तर दोन्ही कोपर टेबलावर दाबून. वळायचं तर जागेवर नाही, मोठा गोल घेऊन. गर्दीत पाय फाकवून उभं राहायचं, लाजायचं नाही. बोलताना श्वास घेऊन दोन-दोन शब्द. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले होते, ते त्याने तिच्याबरोबर जमिनीवर बसून केले. एकमेकांचे हात चुकले की दोघं मोजायची आणि ज्याचे जास्त चुकले तो दुसऱ्याला चिडवायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. एकदा चहा घेऊन गेले तर दोघंही थांबली. वाईट वाटावं असं त्यात काही नव्हतं. मास्तरीण आली की वर्ग थांबतो, तसं ते होतं.

मग तो मारेगावला परत गेला. दुकान उकंडा किती दिवस सांभाळणार, म्हणाला.

आता रोज संध्याकाळी निलोफरचा फोन वाजतो. अर्धा तास दोघं बोलतात. माझ्याशी तो बोलत नाही. सुरुवातीला मी तिच्या जवळ जाऊन बसायची. हल्ली कपड्यांच्या घड्या घालत असते, किंवा उगाच भांडी पुसत असते. अफरोज म्हणतो, वेळ लागेल. तेरा वर्षं मी घेतली, आता त्याला किती द्यायची?

डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत मलाही विचारलं होतं. आजार भावाला आहे आणि मुलीलाही आहे, म्हणजे तो मुलीकडे माझ्यातूनच गेला. मला अजून त्रास नाही, पुढे होऊ शकतो, कधी होईल ते सांगता येत नाही. रक्त तपासायचं की नाही हे मीच ठरवायचं. मी नंतर सांगते म्हणाले. घरी ते कुणी बोललं नाही.

परवा संध्याकाळी फोन चालू असताना निलोफर स्वयंपाकघराच्या दारात आली. फोन तिने पुढे धरला होता, आवाज मोठा केला होता.

"अम्मी, मामू म्हणतात तुला सरळ रेषेत चालायला लाव. टाचेला पायाचं बोट लावून."

"आत्ता?"

"आत्ता म्हणतात."

फोनमधून फक्त मारेगावच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला. मी ओट्यावरचा हात काढला. फरशीच्या जोडावरून चालायला लागले. टाच, बोट, टाच, बोट. निलोफर माझ्या पायांकडे बघत होती. अर्ध्या वाटेत मला वाटलं मी झुकले. झुकले की भीतीने वाटलं, ते समजलं नाही. फ्रिजपर्यंत गेले, वळले, परत आले.

"ठीक आहे मामू," निलोफर म्हणाली. "सरळ चालली."



"दर महिन्याले पाहत जाय," तो तिला म्हणाला, आणि फोन ठेवला.